चाक फिरतं, गाडी हलत नाही

रोवणीच्या दिवसांत धानोऱ्याच्या आसपासचा डांबरी रस्ता नावापुरताच डांबरी राहतो. चिखलणीचा ट्रॅक्टर एका बांधीतून निघतो, रस्ता ओलांडून दुसऱ्या बांधीत उतरतो आणि त्याच्या लोखंडी चाकांतला चिखल रस्त्यावर पसरतो. वरून सर आली की त्या पट्ट्यावर टायरची पकड कोरड्या डांबराच्या निम्मीही उरत नाही. माझं गॅरेज याच रस्त्यावर आहे. गडचिरोलीहून धानोरा, मुरुमगाव करत छत्तीसगडात जाणारा हा राष्ट्रीय महामार्ग 930. हल्ली पावसाळ्यात एक तक्रार माझ्याकडे हमखास येते: ‘भाऊ, गाडीचा पिकअप गेला.’

पूर्वी इकडे बोलेरो आणि कमांडर जीपच जास्त. आता शिक्षक, ठेकेदार, दुकानदार क्रेटा, सेल्टॉस, ब्रेझा घेतात. उंच गाडी, मोठी चाकं, बाजूंना काळं जाड प्लास्टिक; बघणाऱ्याला वाटतं, ही कुठेही जाईल. पण या गाड्यांत इंजिनची ताकद पुढच्या दोनच चाकांना मिळते. एवढी मोठी डिझेल हॅरियर, तीही तशीच. सपाट रस्त्यावर हे चांगलंच, कारण इंजिनचं वजन त्याच चाकांवर असतं. चढावर मात्र वजन मागे सरकतं, पुढची चाकं हलकी होतात आणि स्लिप मारतात.

मागच्या पावसाळ्यात रांगीकडच्या शाळेतले एक गुरुजी गाडी घेऊन आले. शाळेजवळच्या पांदण रस्त्यावर गाडी फसली, पाय पूर्ण दाबला तरी इंजिन उठेना आणि समोर एक पिवळा दिवा लुकलुकत होता. इंजेक्टर गेला असेल, असं कुणीतरी त्यांना सांगितलेलं. मी तपासलं, तर गाडीत काहीच बिघाड नव्हता. तो दिवा ट्रॅक्शन कंट्रोलचा होता. लुकलुकत असेल तर यंत्रणा काम करते आहे. सतत पेटून राहिला तर ती बंद आहे किंवा बिघडली आहे. हा फरक प्रत्येक गाडीवाल्याला माहीत हवा, आणि गाडी विकताना तो कुणी सांगत नाही.

मुळात अडचण डिफरेन्शियलची. वळणावर बाहेरचं चाक जास्त फिरावं लागतं, म्हणून दोन चाकांच्या मध्ये हा गिअरचा संच बसवतात. तो दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो. म्हणजे उजवं चाक चिखलात असेल, तर ते जेवढा जोर पेलेल तेवढाच डाव्यालाही मिळतो, मग डावं भले कोरड्या डांबरावर का असेना. उजवं गरगरा फिरतं, डावं उभं राहतं. ट्रॅक्शन कंट्रोल इथे दोन गोष्टी करतं. चारही चाकांजवळच्या सेन्सरवरून एखादं चाक जास्त फिरतंय हे कळलं, की त्या एका चाकाला ब्रेक लावतं. ब्रेकचा विरोध आला की दुसऱ्या चाकालाही तेवढा जोर पोचतो. आणि सोबत इंजिनची ताकद कमी करतं.

ही कल्पना जुनी आहे. ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारं बॉश कंपनीचं एबीएस 1978 मध्ये मर्सिडीजमध्ये आलं. त्याच सेन्सरचा आणि त्याच ब्रेक पंपाचा उपयोग करून पुढे ट्रॅक्शन कंट्रोल बनलं, आणि 1995 मध्ये गाडी घसरण्यापासून सावरणारं ईएसपी. आपल्याकडे एप्रिल 2019 पासून प्रत्येक नव्या कारला एबीएस सक्तीचं झालं. सेन्सर आलेच, त्यामुळे ट्रॅक्शन कंट्रोलही गावोगाव पोचलं.

गुरुजींना मी गॅरेजसमोरच दाखवलं. डावी चाकं डांबरावर, उजवी साइडपट्टीच्या ओल्या चिखलात. हळू पाय दिला, पंपाची टकटक ऐकू आली, गाडी निघाली. मग बटण दाबून यंत्रणा बंद केली. उजवं चाक जागेवरच फिरत राहिलं. त्यानंतर गाडी मागच्या मोकळ्या जागेत नेली, दोन्ही पुढची चाकं गाळात. आता उलटं झालं. यंत्रणा चालू असताना दोन्ही चाकं स्लिप मारतात, म्हणून ती इंजिनची ताकदच काढून घेते आणि गाडी मरगळून बसते. पांदण रस्त्यावर हेच झालं होतं. गाळात थोडं चाक फिरावंच लागतं, तेव्हा टायरच्या खाचांत भरलेला चिखल बाहेर फेकला जातो आणि खालचा घट्ट थर सापडतो. बटण बंद, दुसरा गिअर, स्टिअरिंग सरळ, पाय हलका. गाडी बाहेर आली. पाय दाबून धरला असता तर चाकानं खड्डा केला असता.

बटणावर घसरत्या कारचं चित्र असतं, खाली नागमोडी रेघा. अनेक गाड्यांत एकदा दाबलं की फक्त ट्रॅक्शन कंट्रोल बंद होतं, तीन सेकंद दाबून धरलं तर ईएसपीही. गाळातून निघालात की लगेच परत चालू करा. डांबरावर ते बंद ठेवणं मला मान्य नाही, कुणी कितीही चांगला ड्रायव्हर असो. काही गाड्यांत चिखल, वाळू, बर्फ अशी मोड निवडता येते. प्यूजोनं 2009 मध्ये पुढच्या चाकांवर चालणाऱ्या 3008 मध्ये अशी सोय दिली होती. चिखलाच्या मोडमध्ये चाक थोडं जास्त फिरू देतात, एवढाच फरक. त्यानं गाडी फोर बाय फोर होत नाही.

दिवा सतत पेटलेला असेल तर बघायच्या जागा ठरलेल्या आहेत. सेन्सरवर चिखल सुकलेला असतो, किंवा धानाच्या गोदामाजवळ उभ्या गाडीची वायर उंदरांनी कुरतडलेली असते. कधी बेअरिंग बदलताना चुंबकाची बाजू उलटी बसते, मग सेन्सरला काहीच वाचता येत नाही. एका बाजूला नवा टायर आणि दुसऱ्या बाजूला झिजलेला असेल, तर दोन्ही चाकांचा वेग वेगळा दिसतो आणि यंत्रणा फसते. पुढचे दोन्ही टायर जोडीनंच बदला. कायद्यानं खाचांची खोली 1.6 मिलीमीटर चालते. आपल्या पावसाळ्यासाठी तीनच्या खाली गेलेला टायर मी ठेवू देत नाही.

एवढ्या वायरी आणि सेन्सर असूनही ही यंत्रणा नवी पकड तयार करत नाही, असलेली पकड वाटून देते. निसरड्या चढावर पुढे जमत नसेल, तर मागे मोकळं आहे हे बघून रिव्हर्समध्ये चढून बघा. मग ओढणारी चाकं उताराकडे येतात आणि वजन त्यांच्यावर राहतं. रपट्यावरून पाणी वाहत असेल तर थांबा. फूटभर वाहत्या पाण्यातही कार उचलली जाऊ शकते, तिथे कुठलं बटण कामाचं नाही.

ब्रेक मारतानाही ट्रॅक्शन कंट्रोल कामाला येत नाही. कारवाल्याला निदान एबीएस आहे. गोडलवाहीकडून बाजाराला येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या जुन्या गाडीला तेही नसतं, आणि चिखलाच्या त्या पट्ट्यावर सगळ्यात आधी तोच पडतो. म्हणून ट्रॅक्टरवाल्या भावांना माझी विनंती आहे: बांधीतून निघताना धुऱ्याजवळ दोन मिनिटं थांबून चाकांचा चिखल खरवडा, आणि रस्त्यावर पडलेला फावड्यानं बाजूला ओढा.