एका पायाने चालवलेली सायकल

बंगळूरमधल्या जयनगरच्या माधवन पार्कात किंवा शेजारच्या लालबागेत सकाळी चक्कर मारली, तर कन्नड-तमिळच्या गर्दीत मराठीही कानावर पडते. फिरणाऱ्यांच्या गप्पांत जीन्सचा विषय निघतो तो बहुधा दोन तऱ्हांनी. एक, "शुगर आमच्या घराण्यातच आहे हो, चालून काय होणार?" आणि दुसरी, सकाळच्या व्हॉट्सॲपवरून आलेली, "रोज व्यायाम केला की जीन्सच बदलतात म्हणे." दोन्हींत गफलत आहे, पण पहिली जास्त महागात पडते.

दुसरी आधी निकालात काढू. आई-वडिलांकडून आलेली डीएनएची अक्षरे चालण्याने, धावण्याने, सूर्यनमस्कारांनी बदलत नाहीत. आपल्या यकृतातल्या आणि मांडीच्या स्नायूतल्या पेशींत डीएनएची पोथी एकच असते. कुठल्या पेशीत कुठले पान उघडायचे हे वेगळे ठरते. व्यायामाने बदलते ते हे उघडणे-मिटणे. डीएनएवर ठिकठिकाणी मिथाइल नावाचे छोटे रासायनिक गट चिकटलेले असतात. जनुकाच्या सुरुवातीपाशी त्यांची दाटी असली की ते जनुक बहुतेक वेळा गप्प राहते. दाटी विरळ झाली की वाचले जाण्याची शक्यता वाढते. अक्षर मात्र जिथल्या तिथे.

बंगळूरच्याच भारतीय विज्ञान संस्थेतील मेंदू संशोधन केंद्राने ज्याचे सूत्रसंचालन केले, त्या जीनोम इंडिया प्रकल्पात १०,००० भारतीयांचे जनुकीय वाचन झाले आणि जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती संशोधकांसाठी खुली झाली. काम मोठे आहे, पण ते अक्षरांचे वाचन आहे. तुम्ही आज लिफ्टने गेलात की जिन्याने, याची नोंद त्यात सापडणार नाही.

आता घराण्याची गोष्ट. "मिथाइलच्या मांडणीत फरक पडला, तरी तो व्यायामाचाच कशावरून? खाणे बदलले असेल, झोप सुधारली असेल, मुळात त्या माणसाची जनुकेच चांगली असतील," ही शंका रास्त आहे. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील संशोधकांनी त्यावर झकास तोड काढली. २३ तरुण स्त्री-पुरुषांना तीन महिने, आठवड्यातून चार वेळा, ४५-४५ मिनिटे एकाच पायाने सायकल मारायला लावली. दुसरा पाय नुसता बसून. माणूस तोच, आई-वडील तेच, जेवण आणि झोपही तीच. मग दोन्ही मांड्यांच्या स्नायूंचे बारीक तुकडे काढून तपासले. राबलेल्या पायात डीएनएवरच्या जवळपास ५,००० ठिकाणी मिथाइलची मांडणी बदललेली दिसली. त्यांतली बरीच ठिकाणे ऊर्जेचा वापर, इन्सुलिनला प्रतिसाद आणि दाह यांच्याशी निगडित जनुकांजवळची होती. बसलेल्या पायात असे काही घडले नव्हते. २०१४ साली हे प्रसिद्ध झाले. घराण्याला दोष देणाऱ्याला दाखवावा असा इतका सरळ पुरावा मला तरी दुसरा माहीत नाही.

आपल्या लोकांबाबत मात्र एक खोच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. युडकिन मॅरेथॉन धावणारे. याज्ञिकांचा व्यायाम, त्यांनीच मिस्कीलपणे लिहिल्याप्रमाणे, रोज सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचे दार बंद होण्याआधी ती गाठण्यापुरता. जनुकांचा वाटा किती हे त्यांनी मोकळे ठेवले, पण जन्माच्या वेळी आपले वजन कमी होते हेही नोंदवले. म्हणजे "मी बारीकच आहे, मला कशाला व्यायाम?" हा जयनगरइतकाच सदाशिव पेठेतही चालणारा समज वजनकाट्यावर टिकेल, शरीराच्या आत टिकणार नाही.

आणि जे जनुक खरोखरच लठ्ठपणाकडे ओढते, त्याचे काय? एफटीओ या जनुकाचा तसा एक प्रकार आहे. दोन लाखांहून जास्त प्रौढांची माहिती एकत्र करून २०११ मध्ये पाहिले, तेव्हा हालचाल करणाऱ्यांत त्याचा लठ्ठपणावरचा परिणाम बैठ्या लोकांपेक्षा सुमारे २७ टक्क्यांनी कमी आढळला. शून्य नव्हे, कमी. घराणे खोटे नाही, पण त्याचा शब्द अखेरचाही नाही.

"एका दिवसाने काय होणार?" याचे उत्तर थोडे गमतीचे आहे. होते, आणि लगेच होते. स्नायू आकसला की पेशीत कॅल्शियम सुटते, साठवलेली ऊर्जा खर्च होते. ही टंचाई ओळखणारी प्रथिने कामाला लागतात आणि जनुके दाबून ठेवणारी काही प्रथिने पेशीकेंद्रातून बाहेर पडतात. मग पीजीसी-१ अल्फासारखी जनुके जागी होतात आणि पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रियांची संख्या वाढवण्याचा हुकूम सुटतो. हा संदेश काही तासांत शिगेला पोचतो आणि दुसऱ्या दिवसापर्यंत बराचसा ओसरतो. त्यातून बनलेली प्रथिने मात्र त्याहून जास्त टिकतात. पुढची फेरी वेळेत झाली तर त्यांवर भर पडते. रविवारी तीन तास आणि बाकी आठवडा खुर्चीत, हा हिशेब म्हणूनच लंगडा पडतो.

कॅरोलिन्स्काच्याच २०१२ च्या प्रयोगात हलक्यापेक्षा जोरकस सायकलिंगनंतर अशा जनुकांपाशी मिथाइल विरळ होण्याचा बदल जास्त दिसला होता. लालबागेत गप्पा मारत रमतगमत चालण्याला नावे ठेवायची नाहीत, पण अधूनमधून बोलताना धाप लागेल इतका वेग हवा. त्याच प्रयोगाची दुसरी बातमी जास्त गाजली: कॅफिननेही असाच परिणाम होतो! झाला होता, पण प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर, आणि पेल्यातल्या फिल्टर कॉफीतून कधीच मिळणार नाही इतक्या मात्रेने. फेरीनंतरची कॉफी चवीसाठी प्यावी.

परिणाम फक्त स्नायूंपुरता असतो असेही नाही. स्वीडनमधल्याच लुंड विद्यापीठाने पस्तिशीच्या आसपासच्या, थोड्या स्थूल, बैठ्या पुरुषांना सहा महिने व्यायामवर्गाला बोलावले. ठरले होते आठवड्याला तीनदा. आले सरासरी दोनदाही नाहीत. (वाचून बरे वाटले.) तरीही त्यांच्या चरबीच्या पेशींत ७,००० हून अधिक जनुकांपाशी मिथाइलची मांडणी बदलली होती.

मुलाला क्रिकेटला घालू की बॅडमिंटनला, हे लाळेच्या तपासणीवरून सांगणाऱ्यांबद्दल दोनच वाक्ये. एसीटीएन-३ या 'वेगाच्या जनुका'चे एक प्रथिन जगातल्या जवळपास पाचांतल्या एका माणसात बनतच नाही, आणि तो धडधाकट असतो. अशा चाचण्यांना गुणवत्ता हेरण्यात कसलेही स्थान नाही, असे क्रीडावैद्यकातील तज्ज्ञांनी २०१५ मध्येच एकत्रितपणे जाहीर केले आहे.

राहिला प्रश्न खंडाचा. पावसाळ्यात चालणे बंद पडले तर कमावलेले वाया जाते का? एका पायाच्या सायकलवाल्यांतल्या काहींना नऊ महिन्यांच्या विश्रांतीनंतर पुन्हा बोलावले, तेव्हा जनुकांच्या कामात आधीच्या सरावाची ठळक खूण उरली नव्हती. उलट २०१८ मध्ये आठ पुरुषांवर झालेल्या ब्रिटिश प्रयोगात, वजने उचलण्याच्या सरावानंतर सात आठवडे खंड पडूनही मिथाइलच्या काही खुणा टिकल्या होत्या आणि पुन्हा सराव सुरू करताच स्नायू पहिल्यापेक्षा जास्त भरले. एकीकडे सायकल, दुसरीकडे वजने. एकीकडे नऊ महिने, दुसरीकडे सात आठवडे. स्नायूंची 'आठवण' व्यायामाच्या प्रकारावर अवलंबून आहे की खंडाच्या लांबीवर, यावर संशोधकांचा वाद चालू आहे.