बदली बापाची, वही लेकीची

दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो की माझे एक काम ठरलेले असते. पुतणीला घेऊन मोलगीच्या सरकारी दवाखान्यात जायचे आणि तिची निळ्या पुठ्ठ्याची वही सिस्टरांपुढे ठेवायची. थोरला भाऊ सैन्यात आहे. त्याच्या लेकीला सिकलसेल आहे. बाप सीमेवर, माय-लेक सातपुड्यात आणि उपचार निम्मे इथे, निम्मे तिथे, असा आमचा संसार. तो कोणाच्या आधारावर उभा आहे, हे वाचकांना सांगावे, म्हणून हा लेख.

प्रथम आजाराविषयी. आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील आदिवासी समाजात सिकलसेल बराच आढळतो. यात रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत, छातीत, पोटात असह्य वेदना उठतात. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक खेपेला मूल ग्रस्त होण्याचा संभव 25 टक्के असतो. वाहकाला सहसा काही त्रास होत नाही, म्हणून तपासणीशिवाय ते कळत नाही. आमच्या दादा-वहिनींनाही लेक आजारी पडल्यावरच कळले. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत सिकलसेलचा समावेश आहे, हे मात्र आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते.

आता सैनिकाच्या घरची अडचण पाहा. सेवेतील जवानाच्या बायकामुलांवर सैनिकी रुग्णालयात मोफत उपचार होतात. तेथे कामही नेटके चालते. सैन्यातील परिचारिकांची परंपरा 1888 सालापासूनची, तेव्हा पहिल्या परिचारिका विलायतेहून मुंबईला उतरल्या होत्या. पण देवळालीचे सैनिकी रुग्णालय कोठे आणि देवगोई घाटाच्या वरचे आमचे मोलगी कोठे! शिवाय दर दोन-तीन वर्षांनी बदली. कधी कुटुंब सोबत नेता येते, कधी नाही. प्रत्येक ठिकाणी डॉक्टर नवा, कागद नवे, आणि आजाराची कहाणी पुन्हा पहिल्यापासून. वहिनी दहावीपर्यंत शिकलेली; पण घरातली बोली भिली, दवाखान्याचे कागद इंग्रजीत आणि तिकडचे बोलणे हिंदीत. अशा वेळी माऊलीने काय काय सांगावे?

तीन वर्षांपूर्वी दादाने दोघींना उत्तरेकडील एका थंड, डोंगराळ ठाण्यावर नेले. थंडी, शरीरातले पाणी कमी होणे आणि उंचावरची विरळ हवा, ही तिन्ही सिकलसेलची शत्रू. पोचल्यावर आठवड्यातच पोरीचे हातपाय दुखू लागले. रात्र होती, म्हणून जवळच्या एका खाजगी दवाखान्यात नेले. जुने कागद गावी पेटीत राहिलेले. तेथे रक्त कमी म्हणून लोहाचे औषध दिले आणि वाढीच्या वयातले दुखणे म्हणून घरी पाठवले. या आजारात रक्त लोहाच्या अभावाने कमी होत नाही, तांबड्या पेशी लवकर फुटतात म्हणून होते. तपासणीत कमतरता दिसल्याखेरीज लोह देत नाहीत. पुढे ताप चढला, तेव्हा सैनिकी रुग्णालयात दाखल केले आणि पोर वाचली. चूक एकट्या त्या डॉक्टरची, असे मी म्हणणार नाही. त्याच्यापुढे कागदच नव्हता.

त्यानंतर सिस्टरांनी ही वही घातली. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत निदान, रक्तगट आणि एरवीचे हिमोग्लोबिन. कारण एरवीचा आकडा ठाऊक असला तरच आजचा आकडा किती घसरला, हे नव्या डॉक्टरला कळते. पुढे वजन, हायड्रॉक्सियुरियाची मात्रा, फॉलिक ॲसिड, झालेल्या लसी, रक्त दिल्याच्या तारखा, पाणथरी किती वाढली त्याची नोंद. शेवटच्या पानावर वहिनीसाठी सोप्या मराठीत धोक्याच्या खुणा : ताप, छातीत दुखून धाप लागणे, अंग एकदम पांढरे पडणे, डाव्या कुशीत फुगणे, एक बाजू लुळी पडणे. यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहायची नाही.

वहीपेक्षा मोठे काम पाठीमागे चालते. बदलीचा हुकूम आला की दादा सिस्टरांना फोन करतो. नवे ठाणे किती उंचावर, थंडी किती, जवळचे सैनिकी रुग्णालय कोणते, हे त्या विचारून घेतात आणि डॉक्टरांकडून पलटणीच्या वैद्यकीय अधिकाऱ्यासाठी पत्र लिहून घेतात. प्रवासात औषध खंडू नये, एवढा साठा सोबत देतात. गुरुजींसाठीही चिठ्ठी असते : बाटलीतले पाणी पिऊ द्यावे, लघवीला जाण्याची मोकळीक द्यावी, गैरहजेरीबद्दल शिक्षा करू नये. दिव्यांग ओळखपत्राच्या अर्जासाठी त्यांनीच मला नंदुरबारला पाठवले. हे सारे करणाऱ्या बाईंच्या कामाच्या यादीत ‘समन्वय’ हा शब्दही नाही. बाळंतपणे, लसीकरण, रात्रपाळी सांभाळून त्या हे करतात.

अमेरिकेच्या सैन्यात यासाठी स्वतंत्र योजना आहे. विशेष गरजा असलेल्या मुलाची नोंद आधीच होते आणि नव्या ठिकाणी सोयी आहेत का, हे बदलीपूर्वी पाहिले जाते. आपल्याकडेही अडचण मांडून सोयीची बदली मागता येते, सैनिकांच्या पत्नींच्या कल्याण संघटनेच्या ‘आशा’ शाळा विशेष मुलांसाठी चालतात, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे दारही ठोठावता येते. 1 जुलै 2023 रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीमही सुरू झाली. सोयी आहेत, त्यांना एका दोऱ्यात ओवणारा हात कमी आहे.

या दिवाळीत गेलो तेव्हा सिस्टरांचीच बदली झाल्याचे कळले. मी गप्प झालो. त्या मात्र नव्या सिस्टरांना शेजारी बसवून वहीचे एकेक पान समजावत होत्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “भाऊ, वही माझी नाही, पोरीची आहे. ती कुणालाही वाचता आली पाहिजे.”

मित्रहो, आपल्या महाविद्यालयात अनेकांचे भाऊ, काका सैन्यात आहेत आणि अनेकांच्या घरी असे एखादे लेकरू आहे. एक वही घाला. लग्नापूर्वी स्वतःची सिकलसेल तपासणी करून घ्या. पुतणी आता दुसरीत आहे. डोंगरातली थंडी वाढली की स्वेटर घालून, पाण्याची बाटली गळ्यात अडकवून शाळेत जाते. दप्तरात पुस्तकांबरोबर ती निळी वहीही असते.