एक तोळ्याच्या रुपयाची पारख

बेंगळुरूतील शिवाजीनगर हा १८०९ पासून ब्रिटिशांची लष्करी छावणी म्हणून वाढलेल्या कँटोन्मेंटचा जुना बाजारभाग असून, तेथील ज्वेलर्स स्ट्रीट आणि लगतची कमर्शियल स्ट्रीट येथे सोन्याचांदीची खरेदी-विक्री आजही चालते. अशा बाजारात संग्रहासाठी चांदीचा जुना रुपया घेऊ पाहणाऱ्यापुढे दोन वेगळे प्रश्न असतात, आणि ते एकच आहेत असे समजल्यामुळेच बहुतेकांची फसगत होते : नाण्याचा धातू खरा आहे काय, आणि ते नाणे ज्या काळाचे म्हणून दाखवले जाते त्याच काळाचे आहे काय.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर पदार्थविज्ञान चोख देते, कारण रुपया ही कायद्याने मापून दिलेली वस्तू होती. ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ मध्ये आपल्या सर्व इलाख्यांसाठी एकच रुपया ठरवला, तेव्हा त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा किंवा ११.६६ ग्रॅम, आणि त्यातील चांदी बारा भागांत अकरा भाग अशी निश्चित झाली. उरलेला भाग तांब्याचा ठेवला जाई, कारण निव्वळ चांदी मऊ असून हाताळणीत लवकर झिजते. (आजचे सराफ दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतात, तेव्हा वजन ग्रॅममध्येच पाहावे.) या मिश्रधातूची घनता, म्हणजे एक घन सेंटिमीटर आकारमानाचे वस्तुमान, सुमारे १०.३ ग्रॅम भरते. पितळ, किंवा तांबे, निकेल व जस्त यांपासून केलेले आणि नावाखेरीज चांदीशी काहीही संबंध नसलेले जर्मन सिल्व्हर, यांची घनता मात्र साडेआठच्या आसपास राहते. त्यामुळे बनावट करणाऱ्याची कोंडी होते : व्यास व जाडी अचूक ठेवली तर वजन घटते, आणि वजन अचूक ठेवले तर नाणे जवळजवळ एक-पंचमांशाने जाड करावे लागते.

ही कोंडी घरच्या घरीही उघड करता येते. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणावा आणि दोऱ्याला बांधलेले नाणे तळाला वा कडेला न टेकवता पूर्ण बुडवावे. काटा जितके ग्रॅम दाखवील तितके घन सेंटिमीटर नाण्याचे आकारमान असते, कारण आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार ते तेवढेच पाणी बाजूला सारते. अस्सल रुपयासाठी हा आकडा १.१३ च्या जवळ येतो, तेवढ्याच वजनाच्या पितळी नाण्यासाठी १.३७ च्या जवळ. झिजलेल्या नाण्याचे वजन कमी भरले तरी त्याची घनता बदलत नाही, हा या पद्धतीचा मोठा गुण आहे. लोहचुंबकावर मात्र फार भिस्त ठेवू नये. नाणे चिकटले तर ते खोटे ठरते, पण पितळ, तांबे आणि शिसेही चुंबकाला चिकटत नाहीत. क्ष-किरणांनी मूलद्रव्ये ओळखणारे यंत्र जलद आणि निर्धोक असले, तरी ते नाण्याचा वरचा अगदी पातळ थरच वाचते, म्हणून जाड मुलामा दिलेल्या नाण्याबाबत त्याच्या आकड्याला घनतेची जोड हवीच.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे, कारण तेथे चांदी खरी असूनही नाणे खोटे असू शकते. एका बाजूला राम-सीता किंवा हनुमान आणि दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचे नाव व १६१६ किंवा १८१८ असे वर्ष असलेली ‘नाणी’ सर्रास विकली जातात. कंपनीने अशी नाणी कधीच पाडली नाहीत, आणि अशा वस्तूची घनता मोजत बसण्यात अर्थ नाही. खऱ्या नाण्यांच्या नकला बहुधा साच्यात ओतलेल्या असतात, व भिंगाखाली त्यांच्या पृष्ठभागावर बुडबुड्यांची सूक्ष्म छिद्रे, बोथट अक्षरे आणि कडेवर साच्याच्या सांध्याची रेघ दिसू शकते. टांकसाळीत ठशाच्या दाबाने धातू बाहेरच्या दिशेने सरकतो आणि त्यातून येणारी फिरती झळाळी ओतीव नाण्याला येत नाही.

सर्वांत कसोटी पाहणारे उदाहरण सहाव्या जॉर्जच्या १९३९ च्या दुर्मीळ रुपयाचे आहे. १९४० पासून रुपयातील चांदी निम्म्यावर आली आणि नकला रोखण्यासाठी त्याला विशेष सुरक्षा-कड देण्यात आली. म्हणून १९४० चे नाणे खाडाखोड करून १९३९ चे म्हणून खपवले, तर साडेनऊच्या आसपासची घनता आणि वेगळी कड अशा दोन्हींनी ते उघडे पडते. परंतु १९३८ च्या रुपयातील ८ चा ९ केला, तर वजन, घनता, व्यास आणि दातेरी कड यांपैकी काहीही बदलत नाही, आणि वर लिहिलेल्या सर्व चाचण्या ते नाणे निर्वेधपणे पार करते. तेथे केवळ अंकच तपासावा लागतो : दहापट भिंगाखाली आणि तिरप्या प्रकाशात त्याच्याभोवतीची पार्श्वभूमी कोरल्यामुळे खोलगट झाली आहे काय, चिकटवलेल्या किंवा डाग दिलेल्या धातूची रेषा दिसते काय, आणि नऊचे वळण खात्रीच्या नाण्याच्या मोठ्या छायाचित्रातील वळणाशी जुळते काय. एवढ्या तपासणीला विक्रेता वेळ देत नसेल, किंवा पावतीवर नाण्याचे वर्ष लिहून देण्यास नकार देत असेल, तर १९३९ म्हणून मागितलेली किंमत देण्याचे कारण उरत नाही. त्या नाण्याला चांदीच्या वजनाचाच भाव द्यावा.