मीनेच्या पाण्यांतला चुना आणि सागरतळींचे खडे

नारायणगावास लागून, मीना नदीच्या खोऱ्यांत, वारूळवाडी हें गांव आहे. जवळच्याच खोडद येथें प्रचंड दुर्बिणी आकाशाकडे कान लावून बसल्या आहेत. आपणांस मात्र आज उलट दिशेनें, म्हणजे खालीं पाहावयाचें आहे. काळ्या दगडांतल्या विहिरीचें पाणी महिनोन् महिने एकाच पातेल्यांत तापविलें म्हणजे त्याच्या बुडाशीं पांढरट कवच धरतें. घरांतील बायका तें चिंचेनें घासून काढतात, आणि ‘पाणी जड आहे’ एवढें बोलून विषय संपतो. परंतु हा पांढरा पदार्थ पाण्यांत आला कोठून, आणि जें पाणी आपल्या हंड्यांत न येतां वाहून गेलें त्यांतल्या चुन्याचें पुढें झालें काय, असें कोणीं विचारलें तर उत्तरासाठीं बंगालच्या उपसागराचा तळ गांठावा लागतो.

आरंभ दगडापासून करूं. जुन्नर-आंबेगांवचा सारा मुलूख सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं वाहिलेल्या लाव्ह्याच्या थरांचा आहे. जुन्नरचीं लेणीं कोरलीं तीं याच दगडांत. या काळ्या पाषाणांत वजनानें जवळजवळ दहावा हिस्सा चुना असतो, पण तो इतर द्रव्यांशीं घट्ट बांधलेला असतो. नुसत्या पाण्यानें सुटत नाहीं. त्याला सोडविणारा पदार्थ म्हणजे कर्बाम्लवायु, ज्याला हल्लींचीं मुलें कार्बन डायऑक्साइड म्हणतात. पाऊस हवेंतून तो थोडा घेऊन येतो, आणि मुळांच्या व जंतूंच्या श्वासोच्छ्वासामुळें मातींत त्याहून पुष्कळच अधिक मिसळतो. पाण्याला किंचित् आंबटपणा येतो आणि तें दगड हळूहळू खाऊं लागतें.

यापुढची गोष्ट घरींच करून पाहण्याजोगी आहे. पानाचा थोडा चुना पुष्कळ पाण्यांत ढवळावा, रात्रभर ठेवावा व वरची स्वच्छ निवळी पेल्यांत ओतून घ्यावी. पपईच्या पानाच्या पोकळ देठाची नळी करून तींतून निवळींत फुंकावें. (लहान मुलांच्या हातीं हें काम देऊं नये, निवळी तोंडांत गेल्यास तोंड पोळतें.) क्षणांत पाणी दुधासारखें होतें. आपल्या श्वासांतल्या कर्बाम्लवायूशीं चुन्याचा संयोग होऊन चुनखडी बनली. आतां धीर धरून फुंकीतच राहावें. निवळी पातळ असेल तर तो दुधाळपणा पुनः नाहींसा होतो, कारण अधिक वायु मिळाल्यावर चुनखडी विरघळते. तेंच पाणी चुलीवर ठेवा: वायु उडून जातो आणि चुनखडी पुनः खालीं बसते. पातेल्याचें कवच तें हेंच. या एका पेल्यांतली विद्या नीट समजली तर सागरतळाचें अर्धें शास्त्र समजलें असें मी समजतों.

विरघळलेला सगळाच चुना समुद्राला जात नाहीं. कांहीं वाटेंतच मातींत साकळतो. उन्हाळ्यांत जमिनींतलें पाणी आटतें, वायु निघून जातो, आणि मातींत पांढरट, खडबडीत खडे वाढतात. कुकडीच्या कांठच्या जुन्या गाळांत ते पुष्कळ आढळतात. त्याच खोऱ्यांत बोरी येथें ज्वालामुखीच्या राखेचा एक थरहि आहे. तो ७४ हजार वर्षांपूर्वीं सुमात्रांतील टोबा पर्वताच्या स्फोटांतून आलेला, कीं त्याहून कितीतरी जुना, यावर विद्वानांत वाद झाला आहे. सिमेंट येण्यापूर्वीं असले चुनखडीचे खडे भट्टींत भाजून व घाणींत मळून लोक वाड्यांसाठीं चुना करीत. आज हेच खडे शेतकऱ्याला नडतात. चुनखड जमिनींत लोह असूनहि तें मुळांना घेतां येत नाहीं. द्राक्षाचीं कोंवळीं पानें पिवळीं पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. याला बागाईतदार केवडा म्हणतात, व शेणखतांत हिराकस मुरवून घालतात. आपली जमीन चुनखड आहे कीं नाहीं हें पाहण्यास चिमूटभर मातीवर जरा तीव्र आम्ल टाकावें. चुना असल्यास फेंस येतो.

उरलेला चुना मीनेंतून घोडनदींत, तेथून भीमेंत, आणि रायचूरजवळ कृष्णेंत जाऊन शेवटीं बंगालच्या उपसागरास मिळतो. तेथें एकदां पोंचल्यावर हा मीनेचा, हा गोदेचा, हा इरावतीचा असें ओळखतां येणार नाहीं. कारण कॅल्शियमचा एकेक कण समुद्रांत सरासरीनें दहा लक्ष वर्षें भटकतो. पण केव्हां तरी तो बाहेर पडतोच, आणि त्याच्या मुख्य वाटा दोन.

पहिली वाट जीवांची. डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पति व फोरामिनिफेरा नांवाचे सूक्ष्म प्राणी पाण्यांतला चुना घेऊन आपलीं कवचें घडवितात. मेल्यावर तीं कवचें बर्फासारखीं तळाकडे झरत राहतात. १८७२ ते १८७६ या काळांत ‘चॅलेंजर’ या इंग्रजी जहाजानें जगभरचे समुद्र मापले, तेव्हां असें दिसलें कीं मध्यम खोलीवर तळ पांढऱ्या चिखलाचा, पण फार खोल गेल्यावर ती पांढरी भुकटी नाहींशी होऊन तांबडी माती लागते. सामान्यतः साडेचार-पांच हजार मीटरांखालीं थंडी, दाब व कर्बाम्लवायूचें आधिक्य यांमुळें कवचें विरघळून जातात; पेल्यांतला तिसरा प्रकार उलटा चालतो म्हणाना.

दुसरी वाट अधिक विलक्षण आहे, कारण तेथें चुनखडी पाण्यांत नव्हे तर चिखलाच्या पोटांत जन्मते. कृष्णा-गोदावरीच्या मुखासमोर नद्यांनीं आणलेला गाळ जाड थरांनीं साचला आहे, व त्यांत मृत जीवांचे अवशेष पुष्कळ. गाळाच्या वरच्या थोड्या भागांतच प्राणवायु संपतो. त्याखालचे जंतु समुद्रजलांतल्या सल्फेट नांवाच्या गंधकाच्या क्षारांतून आपली गरज भागवितात. तोहि संपला म्हणजे आणखी खालीं निराळे जंतु मिथेन तयार करतात. शेणाच्या गॅसचा जो जाळणारा भाग, तोच हा वायु. मिथेन वर चढतो, सल्फेट खालीं झिरपतो, आणि जेथें दोघांची गांठ पडते तेथें दोन जातींचे जंतु गट करून बसलेले असतात. ते मिथेनचा फडशा पाडतात. त्यांतून एकीकडे सडक्या अंड्यांच्या वासाचा वायु निघतो, तर दुसरीकडे बायकार्बोनेट, म्हणजे विरघळलेल्या चुनखडीचा अर्धा भाग. तो इतका साचतो कीं चिखलांतल्या पाण्यांतल्या कॅल्शियमशीं व मॅग्नेशियमशीं जोडी जमून दाणे पडूं लागतात. शिंपलीभोंवतीं, किड्याच्या बिळांत किंवा नुसत्या भेगेंत ते धरतात आणि हजारों वर्षांत खड्याएवढे, क्वचित् फरशीएवढे होतात. आपल्या शेतांतला खडा वायु उडून गेल्यानें बनला. हा खडा जंतूंनीं घडविला. रूप मात्र दोघांचें बहिणीबहिणींसारखें.

याचें महत्त्व निव्वळ कुतूहलापुरतें नाहीं. २००६ सालीं ‘जॉइडेस रिझोल्यूशन’ या जहाजानें कृष्णा-गोदावरीच्या समुद्रांत भोंकें पाडलीं तेव्हां एका ठिकाणीं मिथेनयुक्त बर्फ असलेला तब्बल १२८ मीटर जाडीचा थर लागला. हा वायु हवेंत मोकळा सुटला तर कर्बाम्लवायूहून कितीतरी अधिक उष्णता कोंडून धरतो. तो वर येऊं नये म्हणून चिखलांतले हे नकळत नेमलेले पहारेकरी झटतात, आणि त्यांतला कर्ब दगड होऊन तळाशींच राहतो.

पहारा कधीं मोडतो हेंहि खडेच सांगतात. गोव्याच्या दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या (स्थापना १९६६) संशोधकांनीं याच भागांत सुमारें हजार मीटर पाण्याखालच्या गाळाचा लांब दंडगोल वर काढून तपासला. त्यांत, आजच्या तळाच्या बऱ्याच खालीं, चुनखडीचे खडे व वायूवर पोसणाऱ्या जंतूंच्या आश्रयानें जगणाऱ्या शिंपल्या एकाच थरांत सांपडल्या. खड्यांतील कर्बाची जड जात इतकी थोडी निघाली कीं तो कर्ब मिथेनचाच असला पाहिजे. म्हणजे तेथें एके काळीं वायु तळापर्यंत उसळत होता, त्याच्या जिवावर शिंपल्यांची वसति झाली होती. पुढें वायूचा ओघ आटला, वसति मेली, वर नद्यांचा गाळ चढत गेला, आणि खडे तेवढे जागच्या जागीं राहिले.