तुळशी–विहार पाणलोट क्षेत्र

मुंबई उपनगर व ठाणे जिल्ह्यांत पसरलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील, तुळशी व विहार या दोन जलाशयांना पाणी पुरविणारा वनाच्छादित डोंगराळ प्रदेश. उद्यानाचे एकूण क्षेत्रफळ सु. १०४ चौ. किमी. असून ते पूर्वी बोरिवली राष्ट्रीय उद्यान म्हणून ओळखले जात असे. महानगराने चहूबाजूंनी वेढलेले हे अरण्य टिकून राहिले, त्याचे मूळ कारण वन्य प्राण्यांविषयीची आस्था हे नसून पिण्याच्या पाण्याची निकड हे होय.

या डोंगरांतील पाणी साठविण्याची परंपरा प्राचीन आहे. कान्हेरीच्या बहुतेक लेण्यांच्या दाराशी खडकात खोदलेली टाकी असून डोंगरउतारावर कोरलेल्या पन्हळींवाटे पावसाचे पाणी त्यांत येते. कोरीव लेखांत अशा टाक्यांना ‘पोढी’ म्हटले असून ती खोदविण्यासाठी दान देणाऱ्यांची नावेही नोंदविलेली आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबई बेटाची वस्ती झपाट्याने वाढली व तेथील विहिरी आणि तलाव उन्हाळ्यात अपुरे पडू लागले. तेव्हा हेन्री कोनिबेअर या अभियंत्याच्या योजनेनुसार मिठी नदीच्या उगमखोऱ्यात विहारचे धरण बांधण्यात आले आणि १८६० मध्ये तेथील पाणी नळाने शहरात आले. तुळशीचा जलाशय १८७९ मध्ये पूर्ण झाला. पाणी दूषित होऊ नये म्हणून सभोवतालची जमीन संपादन करण्यात आली. तेथील शेती थांबली आणि मोकळ्या उतारांवर वन पुन्हा वाढीस लागले. या संरक्षणाचा पहिला भार तेथील कास्तकारांवर पडला, हे सहसा विसरले जाते.

येथे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत २,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो. खाली काळा पाषाण व वर मातीचा पातळ थर असल्यामुळे उघड्या उतारावरून हे पाणी मातीसकट वाहून जाते. वनात मात्र पावसाच्या थेंबांचा मारा प्रथम पर्णसंभारावर व नंतर पालापाचोळ्यावर पडतो. पाणी सावकाश मुरते, झरे पावसाळ्यानंतरही काही काळ वाहतात आणि जलाशयात गाळ कमी येतो. साग, ऐन, खैर, पळस, पांगारा, कळंब या वृक्षांइतकेच त्यांच्याखालील कारवीच्या दाट झुडपांचे यात महत्त्व आहे. कारवी आठ वर्षांतून एकदा फुलते. येथे ती २०१६ व २०२४ मध्ये फुलली. एरवी दुर्लक्षित असलेले हे झुडूप डोंगरउतारांची माती धरून ठेवते.

विहारच्या खालच्या अंगास असलेल्या पवई जलाशयाशी (१८९१) तुलना केल्यास हा मुद्दा स्पष्ट होतो. पवईचे पाणी पिण्यास योग्य न ठरल्याने त्याच्या पाणलोटास विहारसारखे संरक्षण लाभले नाही. पुढे काठावर वसाहती उभ्या राहिल्या. सांडपाणी, गाळ व जलपर्णी यांनी जलाशय ग्रासला. दोन्ही जलाशय काही किमी. अंतरावर असून पाऊस व खडकही सारखेच आहेत. फरक आहे तो भोवतीच्या जमिनीच्या वापराचा. या दोहोंच्या सांडव्याचे पाणी घेऊन मिठी नदी सु. १८ किमी. वाहत माहीमच्या खाडीस मिळते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिमी. पाऊस झाला. एवढे पाणी कोणतेही अरण्य शोषू शकत नाही. तथापि भरावाने व बांधकामांनी अरुंद झालेल्या मिठीच्या पात्रामुळे त्या दिवशीची हानी वाढली, यात शंका नाही.

मुंबईस पाणी देणाऱ्या सात जलाशयांची एकूण साठवणक्षमता सु. १४,४७,००० दशलक्ष लिटर आहे. तीत विहारचा वाटा सु. २७,७०० व तुळशीचा सु. ८,००० दशलक्ष लिटर, म्हणजे दोन्ही मिळून अडीच टक्क्यांच्या आसपास आहे. बहुतांश पाणी भातसा, वैतरणा व तानसा या दूरच्या धरणांतून येते. ज्या कारणासाठी हे वन राखले गेले, ते कारण अशा रीतीने दुबळे झाले असून संरक्षणाचा आधार आता मुख्यतः वन्यजीवविषयक कायदा व न्यायालये यांवर आहे.

उद्यानात सु. २५० जातींचे पक्षी आढळतात. विहार जलाशयात मगरी आहेत. सर्वाधिक लक्ष वेधले जाते ते बिबट्याकडे. २००४ च्या जून महिन्यात बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेक माणसे दगावली. अन्यत्र पकडलेले बिबटे येथे आणून सोडण्याची पद्धत यास बऱ्याच अंशी कारणीभूत होती, असे अभ्यासकांचे मत आहे. आपला प्रदेश गमावलेला प्राणी अपरिचित जागी अधिक धोकादायक ठरतो. वस्तीच्या कडेला साचणाऱ्या कचऱ्यावर भटकी कुत्री पोसली जातात आणि त्यांच्यामागे बिबट्या येतो. कचऱ्याची विल्हेवाट हा येथे म्हणूनच वन्यजीवसंरक्षणाचाही भाग ठरतो. २०१५ च्या कॅमेरा-सापळा गणनेत उद्यान व परिसरात ३५ बिबटे नोंदले गेले.

मुंबई उच्च न्यायालयाच्या १९९७ मधील आदेशानंतर उद्यानातील हजारो झोपड्या हटविण्यात आल्या. मात्र शहरात निवारा न मिळाल्याने वनात आलेले लोक आणि पिढ्यान्‌पिढ्या पाड्यांत राहणारे वारली, कातकरी, मल्हार कोळी यांना एकाच मापाने मोजणे न्याय्य नव्हे. वाघोबाची पूजा करणाऱ्या या पाड्यांना बिबट्याचा शेजार नवा नाही. दक्षिणेस उद्यानाला लागून आरे दुग्धवसाहत आहे. तेथे मेट्रोच्या कारशेडसाठी ऑक्टोबर २०१९ मध्ये दोन हजारांहून अधिक झाडे तोडण्यात आली. २०२० मध्ये आरेतील सु. ८०० एकर क्षेत्र राखीव वन करण्याचा निर्णय झाला. कारशेड मात्र अखेरीस आरेतच उभे राहिले.

उत्तरेस वसईच्या खाडीपलीकडे तुंगारेश्वर अभयारण्य असून नागला वनखंडामार्गे त्याच्याशी असलेला दुवा महामार्ग व बांधकामे यांमुळे चिंचोळा झाला आहे. हा दुवा तुटल्यास येथील बिबट्यांचा बाहेरील बिबट्यांशी संकर होण्याची शक्यता फारशी उरणार नाही. ठाणे–बोरिवली जुळ्या बोगद्यांचे भूमिपूजन २०२४ मध्ये झाले. बोगदे वनाखालून जात असल्याने पृष्ठभागावरील झाडे मुख्यतः दोन्ही मुखांपाशीच जातील; खडकातील भेगांवाटे जलाशयांकडे व झऱ्यांकडे जाणाऱ्या भूजलावर त्यांचा काय परिणाम होतो, याची मोजणी बांधकामाच्या काळात व त्यानंतरही अनेक पावसाळे करीत राहावी लागेल.