मांजराचे मोठे आजारपण आणि खर्चाचा मेळ

"डॉक्टर, खर्च किती येईल?" हा प्रश्न विचारताना मांजराच्या मालकाचा आवाज हमखास खाली येतो. गाय किंवा म्हैस आजारी पडली तर कोणी संकोच करीत नाही, कारण तिथे दुधाचा हिशेब समोर असतो. मांजराच्या बाबतीत पैशांचे विचारले तर आपण निष्ठुर ठरू आणि खर्च केला तर शेजारीपाजारी वेड्यात काढतील, अशा कात्रीत माणूस सापडतो. माणसांच्या आजारपणासाठी सरकारी योजना असतात, विमा असतो. मांजराचे बिल मात्र बहुधा मालकाच्याच खिशातून जाते. म्हणून पशुवैद्य या नात्याने माझे पहिले सांगणे असे, की खर्चाचा प्रश्न पहिल्याच भेटीत आणि मोकळेपणाने विचारावा. उपचारांची दिशा त्यावरही ठरते.

उशीर सर्वांत महाग

उदाहरणादाखल बोक्याची लघवी तुंबणे हा आजार घेऊ. बोक्याची मूत्रनलिका फार अरुंद असते. लघवीतील खड्यांची बारीक कणी आणि चिकट स्राव मिळून तिथे बुचासारखा अडथळा तयार होतो. बोका पुन्हा पुन्हा मातीत जाऊन बसतो, जोर करतो, ओरडतो, लघवीची जागा चाटतो. घरच्यांना वाटते पोट साफ होत नाही, म्हणून एरंडेल पाजले जाते आणि त्यात एक दिवस जातो. तोवर मूत्रपिंडांवर ताण येतो आणि रक्तातील पोटॅशियम वाढू लागते. ते फार वाढले की हृदय बंद पडते. पूर्ण तुंबलेला बोका उपचारांविना दोन-तीन दिवसांत दगावतो.

आता खर्चाकडे पाहा. पहिल्याच दिवशी आणले तर गुंगी देऊन नळी घालणे, सलाईन आणि थोडी औषधे यांवर बरेचदा भागते. तिसऱ्या दिवशी आणले तर त्याच आजारासाठी वारंवार रक्ततपासणी, हृदयावर लक्ष आणि अनेक दिवसांचे दवाखान्यातील वास्तव्य लागते, आणि तरी प्राण वाचतील याची खात्री नसते. यासाठी बोका जोर करतो पण लघवी होत नाही असे दिसले, तर रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नये.

माझ्याकडे एका शिक्षक दांपत्याने असाच बोका दुसऱ्या दिवशी आणला. "आमच्याजवळ एवढीच रक्कम आहे," असे त्यांनी आल्याआल्या सांगितले. त्यामुळे काय आधी करायचे हे ठरवणे सोपे गेले. प्रथम नळी आणि सलाईन, रक्तात फक्त क्रिएटिनिन व पोटॅशियम. सोनोग्राफी पुढे ढकलली. उरलेले बिल त्यांनी दोन हप्त्यांत दिले. बोका वाचला. त्यांनी संकोचाने गप्प राहून बोका परत नेला असता, तर तो वाचला नसता.

पाच प्रश्न

गंभीर आजाराचे निदान झाले की डॉक्टरांना पुढील प्रश्न विचारावेत :

१. हा आजार बरा होणारा आहे, की जन्मभर सांभाळायचा आहे?
२. आजच्या आज कोणती तपासणी हवीच, आणि कोणती थांबू शकते?
३. तपासणीच्या निकालाने उपचार बदलणार आहेत काय?
४. एकूण अंदाज किती? तो कागदावर लिहून मिळेल काय?
५. कमी खर्चाचा दुसरा मार्ग आहे काय, आणि त्यात धोका किती वाढतो?

पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. लघवी तुंबणे हा एकदम मोठा खर्च असला तरी बोका त्यातून पूर्ण बरा होऊ शकतो. अर्थात, तो पुन्हा तुंबण्याची शक्यता ध्यानात ठेवून थोडे पैसे मागे ठेवावेत. म्हाताऱ्या मांजराचा मूत्रपिंडाचा जुना विकार बरा होत नाही. पण योग्य आहार, औषधे आणि कातडीखाली दिलेले सलाईन यांवर कित्येक मांजरे बराच काळ सुखाने जगतात. हे सलाईन घरी देण्यास डॉक्टरांकडून शिकून घेतले तर दवाखान्याच्या फेऱ्या आणि पैसे दोन्ही वाचतात.

तिसरा प्रकार 'एफआयपी' या आजाराचा. हा मांजरांच्या कोरोना विषाणूमुळे होतो. माणसांच्या कोविडशी त्याचा संबंध नाही. पूर्वी हे निदान म्हणजे मृत्यूच समजत. २०१९ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी जीएस-४४१५२४ या औषधाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात ३१ पैकी २५ मांजरे दीर्घकाळ जगली. रूढ उपचार ८४ दिवसांचा असतो. मात्रा वजनावर ठरते, त्यामुळे मांजर सुधारून वजन वाढले की औषध आणि खर्चही वाढतो. अर्धवट सोडल्यास आजार उलटण्याची भीती असते. म्हणून पूर्ण मुदतीचा हिशेब सुरुवातीलाच करावा.

कुठे जावे?

जिल्ह्याच्या सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात आधी चौकशी करावी. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी मुंबई (परळ), नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे पर्याय आहेत. निघण्यापूर्वी फोन करून मांजराचे डॉक्टर कोणत्या दिवशी भेटतात हे विचारावे आणि जुने सर्व कागद सोबत न्यावेत, म्हणजे तपासण्या पुन्हा कराव्या लागत नाहीत. मांजराचा विमा काढता येतो, पण आधीपासून असलेला आजार त्यात सहसा धरत नाहीत. विमा काढायचा तर मांजर धडधाकट असतानाच.

पैसे वाचवण्यासाठी घरातली गोळी मात्र देऊ नये. पॅरासिटामॉल मांजराच्या शरीराला पचवता येत नाही. त्याने रक्तातील तांबड्या पेशी निकामी होतात आणि एका गोळीनेही जीव जाऊ शकतो. मांजर दोन-तीन दिवस काहीच खात नसेल तर 'खाईल आपोआप' म्हणून थांबू नये. उपाशी मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठून दुसराच आजार उभा राहतो.

न परवडल्यास

सर्व करूनही खर्च झेपत नसेल, तर तसे स्पष्ट सांगावे. मुलांच्या फीचे पैसे किंवा सासूबाईंच्या औषधाचे पैसे मोडून उपचार करा, असे कोणताही समंजस डॉक्टर म्हणणार नाही. अशा वेळी वेदना कमी करणारी औषधे आणि घरची शुश्रूषा एवढेही करता येते. बरे होण्याची आशा नसेल आणि हाल होत असतील, तर वेदना न होऊ देता इंजेक्शनने शांत मरण देणे हाही दयेचाच भाग आहे. मांजराला घरी तडफडत ठेवणे किंवा बाजारात सोडून येणे हे मात्र कधीही करू नये.

आज ज्यांचे मांजर ठणठणीत आहे त्यांनी तीन गोष्टी कराव्यात. पिलू सहा ते आठ आठवड्यांचे झाले की लसीकरण सुरू करावे, कारण पॅनल्युकोपेनियासारखा जीवघेणा रोग लसीने टळतो. घरात दोन-तीन ठिकाणी ताजे पाणी ठेवावे, केवळ कोरड्या खाद्यावर मांजर ठेवू नये आणि त्याला लठ्ठ होऊ देऊ नये. आणि पोस्टात त्याच्या नावाने मनातल्या मनात एक आवर्ती ठेव उघडावी. दरमहा १०० रुपयांपासून ती सुरू होते. आजारपण सांगून येत नाही. पण त्या दिवशी हाताशी थोडी रक्कम असली, तर निर्णय घाबरून न घेता विचाराने घेता येतो.