घोड्याची उडी

मुलांनो, पनवेलहून माथेरान जवळच. तेथे तुम्ही घोड्यावर बसला असाल. पण लगाम घोडेवाल्याच्या हाती! ‘क्रॉस-कंट्री’ स्पर्धेत स्वार एकटाच रानातील ओंडके व चर भरधाव ओलांडतो. मुंबईचे इम्तियाज अनीस २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये या खेळात उतरले होते.

सर्वांत घातक पडणे कोणते? घोड्याचे पुढचे पाय पक्क्या ओंडक्याला अडकले, की घोडा कोलांटी खाऊन स्वारावरच कोसळतो. तेथे हेल्मेट आणि छातीवरचे जाड जाकीटही अपुरे पडते. म्हणून अनेक ठिकाणी ओंडका धातूच्या खिळीवर टेकवतात. जोराचा धक्का बसताच खीळ तुटते, ओंडका खाली येतो व घोड्याचे पाय सुटतात.

घोडा दमला, हे मात्र स्वारानेच ओळखायचे. मग हात वर करून स्पर्धा सोडता येते. त्याला बक्षीस नसते, एवढेच!